वेताळाची अट

गेल्या तीन-चार महिन्यांत वाचायच्या पुस्तकांचा बॅकलॉग जरा हलका झाला. चार कादंबऱ्या संपवल्या: अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’, लिऊ त्सिशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, एन. के. जेमिसिनची ‘द फिफ्थ सीझन’ आणि अर्सुला ले ग्विनची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. पहिल्या तीन कंपनीच्या बसमध्ये (जाऊन-येऊन दीड तास, हा माझा वाचनाचा हक्काचा वेळ), शेवटची मात्र दोन शनिवार घरी ठिय्या मारून. नावांवरून कळलंच असेल, सगळा मामला सायन्स फिक्शन आणि फँटसीचा.

हे असलं वाचते म्हटलं की दोन ठरलेले प्रतिसाद येतात. घरून, ‘अगं, अजून परीकथाच का?’ आणि ऑफिसातून, ‘मस्त! दिवसभर कोड बघून डोकं उठतं, त्यावर हा एस्केप बरा.’ दोन्हींचा अर्थ एकच, की ह्या पुस्तकांचा खऱ्या जगाशी काही संबंध नाही. मला हे अजिबात मान्य नाही. आणि ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून विषय सोडूनही द्यायचा नाहीये, कारण ह्या चार पुस्तकांनी मला माझ्याच कामाबद्दल जेवढा विचार करायला लावला तेवढा ऑफिसातल्या कुठल्याही ट्रेनिंगने लावलेला नाही.

(कुठल्याच पुस्तकाचा शेवट फोडणार नाहीये. थोडंफार कथानक मात्र येईल, त्याला इलाज नाही.)

तर, सुरुवात वेताळापासून.

चांदोबा आता बंद पडला, पण तो वाचून वाढलेल्यांना विक्रम आणि वेताळ सांगायला नकोत. राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून चालू लागतो. प्रेतातला वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि अट घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलतो, बोलला की त्याचं मौन मोडतं, आणि वेताळ प्रेतासकट परत झाडावर! लहानपणी मला गोष्टीतल्या कोड्यांत रस असायचा. आता वाटतं की खरी भन्नाट आहे ती अट. बोललं तर केलेली मेहनत वाया, गप्प बसलं तर जीव जाणार. सुटकेची एकच वाट, ती म्हणजे उत्तर खरोखरच न येणं. म्हणजे राजाचं शहाणपण हीच राजाची पंचाईत.

कल्पित जग रचणारा प्रत्येक लेखक असलीच एखादी अट घालतो. समजा सूर्य हळूहळू विझतोय. समजा काही माणसांना भूकंप थांबवता येतो. समजा एका ग्रहावर कुणीच कायमचं स्त्री किंवा कायमचं पुरुष नाही. आपण वाचक ही अट मुकाट मान्य करतो, तेवढी उधारी लेखकाला द्यावीच लागते. त्यानंतर मात्र दोन प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. एक, स्वतः घातलेली अट लेखकाने शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळली का? आणि दोन, त्या अटीची किंमत कोण मोजतंय?

पहिला प्रश्न विचारणारे भरपूर आहेत, विशेषतः आमच्या धंद्यात. दुसरा विचारणारे कमी. माझं मत असं, की पुस्तक हुशार आहे की नाही हे पहिल्या प्रश्नावर कळतं आणि ते मोठं आहे की नाही हे दुसऱ्या.

पहिल्या प्रश्नाचा सगळ्यात प्रसिद्ध वकील म्हणजे ब्रँडन सँडरसन. त्याने २००७ साली एक निबंध लिहून जादूबद्दल नियमच मांडला. वाचकाला जादूचे कायदे जितके नीट समजलेत, तितक्याच प्रमाणात लेखकाने जादूकडून अडचणी सोडवून घ्याव्यात, असा त्याचा साधारण आशय. त्याच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) माणसं धातू गिळतात आणि पोटात ‘जाळतात’. पोलाद जाळलं की आजूबाजूचा धातू ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. आणि ढकललेली वस्तू तुमच्याहून जड असेल तर ती हलत नाही, तुम्हीच मागे फेकले जाता! न्यूटनचा तिसरा नियम, चक्क जादूला लागू. इंजिनियर माणसाला ह्याचं वेड लागलं नाही तरच नवल. मॅन्युअल वाचल्यासारखा आनंद मिळतो.

‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) ह्याच घराण्यातली. वीअर मूळचा प्रोग्रॅमर. त्याची पहिली कादंबरी ‘द मार्शियन’ त्याने स्वतःच्या साइटवर प्रकरणा-प्रकरणाने फुकट टाकली होती, मग वाचकांच्या आग्रहामुळे २०११ मध्ये स्वतःच ई-बुक काढलं, आणि पुढचा इतिहास माहीत आहेच. ह्या नव्या पुस्तकात एक शाळामास्तर अंतराळयानात जागा होतो. आपण कोण, इथे का, काही आठवत नाही. एक सूक्ष्मजीव सूर्याची ऊर्जा खातोय आणि पृथ्वी गारठत जाणार आहे. मास्तर एकेक प्रयोग करत उत्तरं शोधतो. वाटेत त्याला रॉकी भेटतो, परग्रहावरचा, पाच पायांचा, दगडासारख्या अंगाचा इंजिनियर. त्याला डोळे नाहीत, त्याची भाषा म्हणजे सुरावटी, आणि त्याच्या खोलीतली हवा आपल्याला क्षणात भाजून काढेल अशी. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण दोघांनाही डिबगिंग येतं! दोन इंजिनियरांच्या मैत्रीवर इतकं गोड पुस्तक मी वाचलेलं नाही. बसमध्ये एकटीच हसत होते.

पण ह्या पुस्तकाचा अर्धा भाग पृथ्वीवर घडतो, आणि तिथे मला टोचलं. मोहिमेची प्रमुख स्ट्रॅट हिला जगातल्या सगळ्या सरकारांनी मिळून सर्वाधिकार दिलेत. कायदे, कोर्ट, कुणीही तिला अडवू शकत नाही. यानाचं इंधन बनवायला सहाराच्या मोठ्या भागावर काळी पॅनेल्स अंथरली जातात. पृथ्वीचं गारठणं थोडं लांबावं म्हणून अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली अणुबाँब फोडून मिथेन बाहेर काढतात. हिशोब सगळे चोख. ज्या हवामानशास्त्रज्ञाला हा सल्ला द्यावा लागतो तो पार कोलमडतो, एवढं वीअर दाखवतो, आणि ते दाखवतो हे चांगलंच आहे. पण सहारात राहणारी माणसं? वाळवंट हे कुणाचं तरी घर असतं. पुस्तक तिथे फारसं थांबत नाही, लगेच पुढच्या प्रयोगाकडे पळतं. पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क, दुसऱ्यात काठावर पास. मला पुस्तक आवडलंच, पुन्हाही वाचेन. पण एखादा प्रोजेक्ट वेळेत संपल्यावर जसा नुसता हुश्श वाटतं, तसं वाटून ते मिटलं.

‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चं तसं झालं नाही. लिऊ त्सिशिनसुद्धा आपल्यातलाच, वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनियर होता. कादंबरी चिनी मासिकात क्रमशः आली २००६ मध्ये, पुस्तक २००८ मध्ये, केन लिऊने केलेला इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये, आणि २०१५ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. ज्या ग्रहाला तीन सूर्य आहेत त्याचं भविष्य गणिताने सांगता येईल का, हा मूळ प्रश्न. त्यासाठी कादंबरीत एक व्हर्च्युअल गेम आहे, आणि त्या गेममध्ये माझ्या मते अख्ख्या सायन्स फिक्शनमधला सर्वांत अफलातून कॉम्प्युटर आहे.

झालंय असं, की न्यूटन आणि फॉन नॉयमन चीनचा पहिला सम्राट चिन शी हुआंग ह्याच्या दरबारात येतात. सूर्यांचं गणित सोडवायचंय पण यंत्र नाही. सम्राटाकडे तीन कोटी सैनिक मात्र आहेत. प्रत्येक सैनिकाच्या हातात एक काळा आणि एक पांढरा झेंडा. तीन सैनिक मिळून एक गेट. पहिले दोघे इनपुट, तिसरा आउटपुट. दोघांनीही काळा उचलला तरच तिसऱ्याने काळा उचलायचा, की झालं अँड गेट! अशी लाखो गेट्स मैदानात उभी करायची, घोडेस्वार निरोप घेऊन इकडून तिकडे धावणार, तो सिस्टीम बस. सैनिकाला गणित यायची गरज नाही. शेजारी बघायचं आणि झेंडा उचलायचा, बास.

हे वाचताना मी अक्षरशः टाळ्या वाजवणार होते. कॉलेजात डिजिटल लॉजिकच्या लेक्चरला डुलक्या काढणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण सक्तीने वाचायला द्यायला हवं. आणि मग दोन पानांनी सिस्टीम हँग होते. एक गेट चुकलंय. सम्राट हुकूम सोडतो, बिघडलेला भाग बदला आणि त्या गेटमधल्या सैनिकांची मुंडकी उडवा. फॉन नॉयमन तिरस्काराने बघत राहतो, घोडेस्वार तलवारी उपसून जातात, दुरुस्ती होते, कॉम्प्युटर रिस्टार्ट.

कुठलं तरी सर्व्हर पडलं की आपण नाही का म्हणत, ‘अरे तो नोड मारून टाक, नवीन उभा कर’? रोज म्हणतो. यंत्राबद्दल म्हणतो, त्यात काही पाप नाही. पण लिऊने तोच शब्दप्रयोग जिवंत माणसांच्या अंगाला लावून दाखवलाय. आणि हे काही गमतीखातर नाही. कादंबरी सुरू होते १९६७ च्या बीजिंगमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन धुमाळीत. एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला भर सभेत, त्याच्या मुलीच्या डोळ्यांदेखत, शाळकरी पोरी मारून टाकतात. त्या पोरीही शेजारी बघून झेंडा उचलणाऱ्याच. चीनमध्ये पुस्तक छापताना ही प्रकरणं सुरुवातीवरून काढून मध्ये सरकवली होती, इंग्रजीत ती पुन्हा पहिली आली. ती पहिलीच हवीत. ती वाचल्यावर तीन कोटींचा कॉम्प्युटर निव्वळ करामत उरत नाही.

इथे जरा माझ्या धंद्यातला एक शब्द सांगायला हवा. एज केस. म्हणजे क्वचित कधीतरी घडणारी, काठावरची शक्यता. रिलीजची तारीख जवळ आली की मीटिंगमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘एज केस आहे, सध्या सोडून देऊ.’ आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना मध्यंतरी एका ठिकाणी तीन हेलपाटे घालावे लागले, कारण मशीनवर त्यांच्या बोटाचा ठसाच उमटेना. वीस वर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजल्यात. काउंटरवरचा मुलगा बिचारा चांगला होता, पण स्क्रीनवर लाल फुली आली की पुढचं पान उघडत नाही, तो तरी काय करणार? ते सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं त्याचा कोडही बहुधा बरोबरच असेल. नियम साधा होता, ठसा जुळला तर पुढे. त्याची चाचणी कीबोर्ड बडवणाऱ्या बोटांवर झाली असणार, एवढंच. मावशी म्हणजे एज केस.

मला वाटतं, चांगली सायन्स फिक्शन आणि चांगली फँटसी म्हणजे एज केसला नायक करणारं साहित्य. नियम सगळ्यांसाठी एकच असतो, पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही. वास्तववादी कादंबरीला नियम बदलता येत नाही, आहे त्या जगातच तिला वावरावं लागतं. इथे लेखक नियमच नवा घेऊन येतो, त्यामुळे आपल्या अंगवळणी पडलेल्या नियमांकडेही आपण नव्याने बघायला लागतो.

‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) ह्याचा कळस आहे. ह्या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो मिळाला. असं आधी कुणाच्याही बाबतीत झालं नव्हतं. एक खंड आहे, जमीन सतत हादरणारा, आणि त्याचं नाव काय तर ‘स्टिलनेस’! काही शतकांनी एखादा उत्पात असा होतो की राखेने आभाळ झाकतं आणि हिवाळा वर्षानुवर्षं संपत नाही. तो पाचवा ऋतू. ह्या जगात काही माणसांना जन्मतः भूकंप थांबवता येतो. घडवताही येतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा ती आजूबाजूची उष्णता ओढून घेऊ शकतात, आणि तसं झालं की जवळ उभी असलेली माणसं गोठून मरतात. बघा, अट किती नेटकी आहे! सँडरसनही खूष होईल.

पण जेमिसिन लगेच दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. असली ताकद असलेल्या माणसांचं समाज काय करेल? देव मानेल? छे. त्यांना एक शिवी चिकटवलेली आहे, गावात असं मूल निघालं तर लोक त्याला ठेचून मारतात, आणि जी वाचतात त्यांना एका संस्थेत नेऊन शिस्त लावतात, कारण साम्राज्याला भूकंप थांबायला हवेच आहेत. राजधानीत उंच देखण्या इमारती उभ्या आहेत, कारण रस्त्यांच्या कडेने जागोजागी ठाणी आहेत आणि त्या ठाण्यांवर कुणीतरी बसून छोटे-मोठे धक्के रात्रंदिवस शमवतंय. पुस्तकाच्या अर्ध्याच्या आतच आपण अशा एका ठाण्यात जातो. तिथे एक मूल आहे. खुर्चीला बांधलेलं, अंगात नळ्या, मेंदूवर अशी शस्त्रक्रिया केलेली की स्वतःची इच्छा उरू नये पण धक्का थोपवण्याची उपजत प्रतिक्रिया तेवढी शाबूत राहावी.

मी त्या पानावर पुस्तक मिटलं आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या डॅशबोर्डवर हिरव्या अक्षरात ‘अपटाइम नव्व्याण्णव पूर्णांक अमुक’ असं झळकत असतं. राजधानीतल्या लोकांनाही तसंच झळकताना दिसत असणार. शहर हलत नाही, म्हणजे सगळं आलबेल.

आणि ह्याला एस्केप म्हणायचं? आपल्याकडे हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली आला, त्याहून व्यापक २०१३ साली आला. तरी गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरलेला माणूस गुदमरून मेल्याची बातमी आतल्या पानावर येतच राहते, आणि तो माणूस बहुतेक वेळा कुठल्या जातीचा असतो हे आपल्याला न सांगता माहीत असतं. आपल्या सोसायटीचं ड्रेनेज तुंबत नाही, ह्याच्या तळाशी कोण आहे हे आपण विचारत नाही. जेमिसिन अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका आहे, तिच्या डोक्यात तिथला इतिहास असणार. पण ते ठाणं ओळखायला मला अमेरिकेला जावं लागलं नाही.

आता ले ग्विन. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ सालची, म्हणजे माझ्याहून बरीच मोठी. गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस स्त्रीही नसतात आणि पुरुषही. साधारण सव्वीस दिवसांनी थोडा काळ ती कामप्रवृत्त होतात, तेव्हा त्यांच्यातलं कोण स्त्री आणि कोण पुरुष होईल हे आधी ठरलेलं नसतं. त्यामुळे एकच माणूस काही मुलांची आई आणि काही मुलांचा बाप असू शकतो. पृथ्वीवरून गेलेला दूत जेन्ली आय आपल्या घरमालकाला मनातल्या मनात ‘घरमालकीण’ म्हणतो, का तर ते पात्र जरा जाडं आणि चौकस आहे. मग तो विचारतो, मुलं किती? कळतं की जन्म एकालाही दिलेला नाही, पण चार पोरांचा बाप!

हे मी मैत्रिणीला मराठीत सांगायला गेले आणि पहिल्याच क्रियापदाला अडखळले. इंग्रजीत सर्वनामाचा तेवढा घोळ. मराठीत क्रियापदच लिंग विचारतं. ‘तो आला’ म्हणू? ‘ती आली’? तिसरं लिंग आपल्याकडे आहे खरं, पण ‘ते आलं’ म्हटलं की डोळ्यांपुढे लहान मूल नाहीतर मांजराचं पिल्लू येतं, आणि ‘ते आले’ म्हटलं की साहेब. इंग्रजीत निदान ‘मी’ म्हणणारा सुटतो. मराठीत ‘मी गेले’ म्हटलं की पुढचं सगळं ऐकणाऱ्याने मनाशी ठरवून टाकलेलं असतं. ले ग्विनने सरसकट ‘तो’ वापरलं. त्यावर टीका झाली तेव्हा १९७६ च्या निबंधात तिने स्वतःची बाजू मांडली, आणि पुढे ऐंशीच्या दशकात त्याच निबंधाला टिपा जोडून आपलं मत बदलल्याचं सांगितलं. मला ह्या लेखिकेबद्दल आदर आहे त्यात ह्या टिपांचाही वाटा मोठा आहे.

पण मला सर्वांत हादरवलं ते दुसऱ्याच एका तपशिलाने. गेथेनवर थोडी माणसं अशीही जन्मतात की जी कायम एकाच लिंगात अडकलेली असतात. समाज त्यांना सहन करतो, पण विकृत समजतो. जेन्लीही त्यांच्या नजरेत तोच. आणि जेन्ली कोण? तुम्ही-आम्ही. लिऊच्या पुस्तकात मी वरून मैदान बघत होते, जेमिसिनच्या पुस्तकात दारातून आत डोकावत होते. ले ग्विनने मला उचलून थेट लाल फुलीच्या बाजूला उभं केलं. सबंध ग्रह नॉर्मल, आणि एज केस मी! जेन्लीला आणि इस्ट्रावेनला मग बर्फातून जवळजवळ ऐंशी दिवसांची पायपीट करावी लागते, एका स्लेजवर सगळं सामान लादून, एकाच तंबूत झोपून. तिथे नियम कुणाच्या कामाचे राहत नाहीत, समोरचं माणूस तेवढं उरतं. ह्या भागाबद्दल जास्त लिहीत नाही. वाचाच.

हे सगळं वाचताना मराठीची आठवण येत राहिली. आपल्याकडची विज्ञानकथा म्हटली की पहिलं नाव जयंत नारळीकरांचं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ अशा, स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेल्या नावाने, म्हणजे परीक्षकांवर त्यांच्या नावाचं दडपण यायला नको. बक्षीस मिळालंच. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या पिढीतल्या अनेकांना शाळेतल्या वाचनालयाचा वास आठवला असेल. त्यांच्या ‘वामन परत न आला’मध्ये एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा खोदकामात सापडतो आणि त्यातून यंत्रमानव घडतो. आज सगळीकडे एआयचा गजर चालू असताना ती कादंबरी पुन्हा काढून बघण्यासारखी आहे. आणि वामन हे नाव! तीन पावलं जमीन, एवढीच साधी अट होती त्याची, आणि किंमत मोजली बळीने.

पण नारळीकरांच्या पुण्याईवर आपण जरा जास्तच आरामात बसलो असं मला वाटतं. मराठीत विज्ञानकथेला एक शाळामास्तरी काम चिकटलं, विज्ञान सोपं करून सांगायचं. त्या काळात ते गरजेचं होतं. आज कृष्णविवर म्हणजे काय हे फोनवर दोन मिनिटांत कळतं. गोष्टीकडून मला आता वेगळं काही हवंय. समजा पुण्यात असा नियम आला की प्रत्येकाला रोज ठरावीक शब्दच बोलता येतील आणि वरचे विकत घ्यावे लागतील. ह्यामागचं शास्त्र लेखक एका परिच्छेदात उरकू दे. मला वाचायचंय ते मंडईत ओरडून भाजी विकणाऱ्या बाईचं काय होईल. कर्जबाजारी माणूस रात्री पोराला गोष्ट सांगेल की नाही. आणि शब्दांचे श्रीमंत लोक मिटिंगा किती लांबवतील :)

ह्यावर एक आक्षेप मला माझ्याच भावाने घेतला. म्हणाला, ‘ताई, मग प्रत्येक पुस्तक सामाजिक प्रवचन झालं पाहिजे का? थकून आल्यावर माणसाने मजा करायचीच नाही?’ रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की, नाही, प्रवचन नकोच. जेमिसिन एका शब्दाने उपदेश करत नाही, ती फक्त ठाण्याचं दार उघडते. आणि मजेशी माझं भांडणच नाही. रॉकी माझा लाडका आहे आणि राहील. आक्षेप आहे तो, नियमांच्या कारागिरीलाच सगळे मार्क देऊन टाकण्यावर. जादूची सिस्टीम किती ‘टाइट’ आहे ह्यावर तासन् तास वाद घालणारी मित्रमंडळी बघितली की मला आमचे डिझाइन रिव्ह्यू आठवतात. तिथेही आकृती सुंदर असते, बाण कुठे चुकत नाहीत, फक्त माणूस कुठे काढलेला नसतो. विक्रमाच्या गोष्टीत निदान अट राजाला स्वतःला लागू होती. आपण ज्या अटी लिहितो त्या बहुतेक वेळा आपल्याला लागूच होत नाहीत.

असो. कुणाला ह्या वाटेने जायचंच असेल तर माझा क्रम सांगते. पहिली ‘हेल मेरी’, कारण ती हातातून सुटत नाही आणि वाचनाची सवय परत लागते. मग ‘थ्री-बॉडी’, मधल्या काही पात्रांचा पुठ्ठेरीपणा पोटात घालून. तिसरी ‘फिफ्थ सीझन’. तिची पहिली पन्नास पानं अवघड आहेत, एक धागा तर चक्क ‘तू’ला उद्देशून सांगितलाय, पण सोडू नका. ‘लेफ्ट हँड’ शेवटी, आणि ती बसमध्ये नको. तिला शांतता लागते.

आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, ‘एज केस आहे, सोडून देऊ,’ तर एवढंच विचारून बघा की कोण आहे ती केस, काय करते, कुठे राहते. बऱ्याचदा कुणालाच माहीत नसतं. मग कुणीतरी शोधायला घेतं आणि तिकीट बंद व्हायला दोन दिवस जास्त लागतात. लागू देत.